‘बिचारी’ म्हटलं की एक रुपया

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आमच्या इंदूरच्या घरी सात-आठ जण गोष्ट ऐकायला जमतात. गोष्ट इंग्रजी असली की मी ती आधी वाचून मराठीत सांगते. यंदा दक्षिण आफ्रिकेच्या कथा घेतल्या, त्यातही आजारी, अपंग आणि हातावर पोट असलेल्या माणसांच्या. तुमच्याकडे असं काही करायचं असेल, तर आमच्या चुका होऊन होऊन बसलेली ही रीत वापरून बघा.

सगळ्यात आधी मधोमध जीरावनाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) रिकामी डबी ठेवा. ‘बिचारी’, ‘बिचारा’, ‘किती सोसलं’ असं कुणी म्हटलं की डबीत एक रुपया. पहिल्या दिवशी सोळा रुपये जमले, त्यातले नऊ शेजारच्या वहिनींचे. लहानपणच्या पोलिओमुळे माझ्या डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, आहे, त्यामुळे हा शब्द मी आयुष्यभर ऐकलाय. तो तोंडातून निघाला की म्हणणाऱ्याचं काम झालेलं असतं. मग गोष्टीतली बाई नेमकं काय करतेय, काय ठरवतेय, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

सुरुवात लेखिका पॉलिन स्मिथच्या ‘द पेन’पासून करा. ‘द लिटल कारू’ या १९२५ च्या संग्रहात ती आहे. मुद्दाम हीच, कारण आफ्रिकेची गरिबी म्हटल्यावर आमच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, आणि इथे कारूच्या कोरड्या मुलखातलं गोरं, गरीब, म्हातारं जोडपं निघालं. म्हातारीचं नाव डेल्ट्ये, तिच्या एका बाजूला कुशीत दुखतं. नवरा युरियान तिला बैलगाडीतून लांबच्या गावच्या नव्या इस्पितळात नेतो. तिथे नियमाप्रमाणे दोघांची ताटातूट होते. शेवटी एका रात्री तो तिला गुपचूप उचलून घरी निघतो.

यावर आमच्याकडे भांडण झालं. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “बेजबाबदार म्हातारा! उपचार अर्धवट सोडून बाई घरी नेली.” मी वाद घातला नाही. तो प्रसंग पुन्हा सांगितला आणि म्हटलं, आता फक्त तिला कोण उचलतं, कोण कुणाला विचारतं आणि कोण कुणाला विचारत नाही एवढंच बघा. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, “आमच्या सासूबाई शेवटी दवाखान्यात होत्या ना, त्या रोज एकच विचारायच्या, ‘यांना आत कधी सोडतात?’ औषधाचं कधी विचारलंच नाही हो.” काकांना पटलं नाही ते नाहीच. पण त्यानंतर त्या दिवशी डबीत एकही रुपया पडला नाही.

शब्दांकडे फार लक्ष द्या, आमची फजिती तिथेच झाली. जोहान्सबर्गच्या एका कथेत पोलीस ‘पास’ मागतो. एक जण म्हणाली, “सिटी बसचा का?” तेव्हा थांबून सांगावं लागलं की १९५२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरच्या काळ्या माणसाला ओळख आणि नोकरीच्या नोंदींचं पुस्तक कायम जवळ ठेवावं लागे. नसलं की अटक. हा कायदा १९८६ पर्यंत होता. आता हे डोक्यात ठेवून काठीने चालणाऱ्या माणसाची गोष्ट ऐका, म्हणजे चौकीपर्यंतची पायपीट वेगळीच वाटते. तसंच ‘कलर्ड’, म्हणजे तिथे मिश्र वंशाची मानली गेलेली माणसं. त्याचं ‘रंगीत’ करू नका. १९५० च्या नोंदणी कायद्याने माणसांचे जे वंश ठरवले त्यातला तो एक, म्हणून शब्द तसाच ठेवा आणि आधी दोन वाक्यांत समजवा. जुन्या कथेत ‘लंगडा’ असेल तर मी ‘लंगडा’च म्हणते. तिथे ‘दिव्यांग’ घातलं तर हाक मारणाऱ्याचा उर्मटपणा धुऊन निघतो.

अलीकडच्या कथांत ‘ग्रँट’ येते. अपंगांना तिथे अठरा ते एकोणसाठ वयापर्यंत, उत्पन्न बघून, सरकारी मासिक रक्कम मिळते. अशा घरात प्रत्येक वेळी विचारा, महिन्याचं पीठ कुणाच्या पैशातून येतं? पुष्कळदा पांगळा भाऊच घर चालवत असतो, आणि त्याला ओझं म्हणणारे त्याच्याच पैशावर जेवत असतात. हे कळलं तेव्हा काकांनी स्वतःहून चष्मा काढून पुसला. एरवी ते असं काही करत नाहीत.

दुसऱ्या बैठकीला न्जाबुलो न्देबेले घ्या. त्यांचा ‘फूल्स’ संग्रह १९८३ चा. अत्याचाराचा देखावा मांडण्यापेक्षा साध्या रोजच्या जगण्याकडे बघा, हे त्यांनीच दक्षिण आफ्रिकेच्या लेखकांना सुनावलं होतं.

वाचन चाळीस मिनिटांत आटपा. पोहे आले की कुणी ऐकत नाही, हे इंदूर आहे.

जागेचं शेवटी सांगते, पण विचार आधी करा. एकदा आम्ही हॉल घेतला. तिथे रॅम्प होता, पण त्यावर खुर्च्यांची चळत लावलेली. खुर्च्या हलवणारा जेवायला गेला होता. चाकाच्या खुर्चीतले आमचे एक श्रोते पाऊण तास दारात होते. तेव्हापासून घरीच. दाराला दोन पायऱ्या आहेत, त्यासाठी सुताराकडून जाड फळी करून घेतलीय. येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. फळी गॅलरीत कपड्यांच्या स्टँडमागे असते आणि ती काढायला दोघं लागतात.