‘तर’, ‘तरच’ आणि ‘नाहीतर’: बाण कुठून कुठे काढायचा?

दुकानाबाहेर पाटी आहे: ‘हजार रुपयांची खरेदी केल्यास कापडी पिशवी मोफत.’ ही पाटी खोटी कधी पडते? हजाराची खरेदी झाली आणि पिशवी मिळाली नाही, फक्त तेव्हाच. बिल सातशेचं झालं आणि मालकाने खुशीने पिशवी दिली, तरी पाटी खोटी पडत नाही. सातशेचं बिल आणि पिशवी नाही, मग तर तक्रारीला जागाच नाही. तर्कशास्त्रातली ‘जर क तर ख’ची सत्यता सारणी एवढीच: चार ओळी, त्यातली असत्य एकच. क हे पूर्वांग, ख हे उत्तरांग, आणि चिन्हात क → ख.

सारणी पाठ करत बसण्यापेक्षा मराठीतलं एक रूप हाताशी ठेवा: ‘-ऊनही’. अटीचं वाक्य समोर आलं की ते मोडणारं वाक्य आधी बनवा: ‘खरेदी करूनही पिशवी दिली नाही.’ यात जे घडलं (खरेदी) ते बाणाच्या शेपटीशी, जे घडलं नाही (पिशवी) ते टोकाशी.

या युक्तीचा खरा उपयोग ‘तरच’ला होतो. ‘ओळखपत्र असेल तरच प्रवेश.’ वाक्यात ओळखपत्र आधी आलं म्हणून बरेच जण ओळखपत्र → प्रवेश असा बाण काढतात आणि फसतात. मोडून पाहा: ‘ओळखपत्र नसूनही प्रवेश मिळाला.’ घडला तो प्रवेश, नव्हतं ते ओळखपत्र. म्हणून प्रवेश → ओळखपत्र. सभागृह भरलं म्हणून ओळखपत्रवाल्याला परत पाठवलं, तर पाटी मोडलेली नाही. एका ‘च’ने बाण उलटा होतो. ‘तिकीट काढल्याशिवाय आत सोडत नाहीत’ हेही त्याच जातीचं. ते ‘तिकीट न काढताही सोडलं’ने मोडतं, म्हणून आत सोडणं → तिकीट.

‘लवकर ऊठ, नाहीतर गाडी चुकेल’ हे मोडतं ‘लवकर न उठूनही गाडी चुकली नाही’ या वाक्याने. इथे दोन्ही गोष्टी घडलेल्या नाहीत. असं झालं की समजा, हे मुळात ‘किंवा’चं वाक्य आहे: लवकर उठशील किंवा गाडी चुकेल. बाणच हवा असेल तर शेपटीशी नकार लिहा: लवकर न उठणं → गाडी चुकणं.

मोडणारं वाक्य हाच मूळ वाक्याचा नकार, हेही इथेच पक्कं करून घ्या. ‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ याचा नकार ‘पाऊस आला तर सामना रद्द होणार नाही’ असा लिहिला की मार्क गेले. बरोबर नकार: ‘पाऊस येऊनही सामना रद्द झाला नाही.’ त्यात ‘तर’ उरतच नाही, उरतो ‘आणि’.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे व्यत्यास गृहीत धरणं, म्हणजे क → ख दिलं की ख → क ही खरं मानणं. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, हा मुद्दा फार जुना आहे. जिथे धूर तिथे अग्नी, उदाहरण स्वयंपाकघर: हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, उदाहरण तळं: हा व्यतिरेक. दोन्हींचा अर्थ एकच, म्हणून व्यतिरेक बिनधास्त वापरावा. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीवरून धूर ठरवायचा तर जळण ओलं हवं, ही जास्तीची अट लागते. नैयायिक तिला उपाधी म्हणतात. कुठलंही वाक्य उलटं फिरवताना असं ‘ओलं जळण’ आपण नकळत धरून चाललो आहोत का, ते तपासावं.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेलं कोडं यावरच आहे. त्याचं मराठी रूप असं: चार पत्ते, दिसतात अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम पाळलाय का हे पाहायला कोणते पत्ते उलटायचे? बरेच लोक अ आणि ४ उलटतात. पण ‘स्वर असूनही सम नाही’ हे फक्त अ आणि ७ यांच्यामागेच सापडू शकतं. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम शाबूत.

घरात मात्र एवढं काटेकोर राहू नका. ‘गृहपाठ केलास तर खेळायला सोडीन’ यात मूल ‘तरच’ ऐकतं, आणि आईलाही तेच म्हणायचं असतं. परीक्षेत हा ‘च’ पदरचा घालायचा नाही. सूचना लिहिणाऱ्यांनी तर तो वाचणाऱ्यावर सोडूच नये: ‘सहानंतर आल्यास अर्ज घेतला जाणार नाही’ यात सहाच्या आधी घेतला जाईल अशी हमी नाही. हमी द्यायची असेल तर दुसरं वाक्य लिहा.

क्रियापदाकडेही बघा. ‘पाऊस आला तर’ म्हणजे पुढचं, अजून ठरायचंय. रूप भूतकाळी दिसतं एवढंच. ‘आला असेल तर’ म्हणजे घडून गेलं असेल, मला ठाऊक नाही. ‘आला असता तर’ म्हणजे आलेला नाही. या तिसऱ्याला सारणी लावू नका. पूर्वांग असत्यच असल्याने ‘पाऊस आला असता तर पीक वाचलं असतं’ आणि ‘...तरी पीक गेलं असतं’ दोन्ही सत्य ठरतील, आणि शेतकऱ्याला नेमका त्यातलाच फरक सांगायचा असतो.

‘जरी पाऊस आला तरी सामना झाला’ इथे अट नाहीच. दोन्ही घडलं, म्हणून ‘आणि’. ‘हो तर!’, ‘मी तर जाणार’ यांतला ‘तर’ नुसता जोर देतो. आणि ‘भूक लागली असेल तर डब्यात लाडू आहेत’ यातही बाण शोधू नका. लाडू भूक नसली तरी डब्यात आहेतच.