जुन्या गाडीचे पांढुरके पडलेले बंपर आणि ट्रिम पुन्हा काळे कसे करावेत

उन्हातल्या अतिनील किरणांनी काळ्या प्लॅस्टिकचा वरचा थर खराब होतो आणि बंपर, ट्रिम (दारा-चाकांभोवतीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) पांढुरके दिसू लागतात. त्यावर रंग मारणे सोपे, टिकवणे अवघड. भागाच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ असा शिक्का असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन आहे, आणि त्याला रंग मुळातच नीट धरत नाही.

खरा शत्रू मात्र जुने डॅशबोर्ड-टायर पॉलिश. त्यातले सिलिकॉन खरखरीत पोतात मुरून बसते आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडते. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने ब्रश लावून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग ग्रीस रिमूव्हरने पुसा. एका फडक्याने लावायचे, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपायचे. फडके काळे निघणे थांबेपर्यंत.

आता करड्या स्कॉच-ब्राइटने (घासायच्या जाळीदार पॅडने) हलकेच घासा. जाड पॉलिश पेपर नको, त्याने प्लॅस्टिकला केसाळ तंतू सुटतात आणि पोतही जातो. घासून झाल्यावर पुन्हा एकदा ग्रीस रिमूव्हर. त्यानंतर हात लावायचा नाही.

ट्रिम सुटत असेल तर काढूनच रंगवा. नसेल तर कडांना मास्किंग टेप आणि बाकी गाडीवर प्लॅस्टिक. फवारा वाटतो त्यापेक्षा लांब जातो.

प्लॅस्टिकसाठीच्या ॲडहिजन प्रमोटरचा, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या अस्तराचा, एक पातळ हात द्या. साधा प्रायमर याची जागा घेत नाही. डब्यावर लिहिलेल्या वेळेतच रंग सुरू करा. ती टळली की पकड कमी होते.

रंग सॅटिन (मंद चमकीचा) किंवा मॅट (बिनचमकीचा) काळा, ट्रिमसाठीचाच. ग्लॉस मारला तर पोत विचित्र चमकतो. स्प्रेचा डबा दोन मिनिटे हलवा, 20 ते 25 सेंटिमीटरवरून फवारा, सुरुवात आणि शेवट भागाच्या बाहेर. पहिला हात इतका विरळ की खालचे प्लॅस्टिक दिसले पाहिजे. दर 10 मिनिटांनी पुढचा, तीन पुरतात. एकाच जाड हातात उरकले तर ओघळ येतात आणि पोत बुजतो. कडक उन्हात किंवा दमट हवेत हे काम काढू नका.

टेप शेवटचा हात ओलसर असतानाच, तिरकी ओढून काढा. वाळल्यावर ओढली तर कडेचा रंग सोबत निघतो. आठवडाभर गाडी धुऊ नका, प्रेशर वॉशर तर त्याहूनही उशिरा.

हीट गन फिरवून काळेपणा परत आणण्याची युक्तीही आहे. ती चालते, पण टिकत नाही, आणि एका जागी रेंगाळलात तर बंपर वाकडा होतो.