ही वॅगन कोणत्या सालातली?

मॉडेल रेल्वेतलं एचओ प्रमाण म्हणजे १:८७, खऱ्या एका फुटाला आपले साडेतीन मिलिमीटर, स्टायरीन आणि रेझिन या किटच्या दोन प्लास्टिकमधला फरक, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितोय. वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या अमेरिकन मालगाड्यांचे डबे हुबेहूब बनवायला बसलेल्या नव्या माणसाला मी जे पहिल्या दिवशी सांगेन, तेच इथे आहे. सहा वर्षं झाली मला. शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, तळघरात लेआउट, म्हणजे रुळांसकट मांडलेली छोटी रेल्वे, आहे, त्यावर कायम ऑक्टोबर १९४८ चालू असतो. हे साल ठरवायला मला दीड वर्ष लागलं. ते आधी ठरवलं नाही, म्हणून जे झालं ते सांगायला हा सगळा प्रपंच.

पहिला डबा निवडताना माझं बरोबर होतं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडची एक्स२९ बॉक्सकार, म्हणजे छत असलेला बंद मालडबा. १९२४ पासून पुढे दहाएक वर्षांत असे सुमारे ३०,००० डबे बांधले गेले. अमेरिकेत बॉक्सकार आपल्याच कंपनीच्या रुळांवर राहत नसे. माल जिथे न्यायचा तिथे ती जाई, रिकामी झाली की तिथलाच दुसरा माल भरून आणखी पुढे. कोळशाचे उघडे डबे, हॉपर, मात्र खाणीकडे परत येत. त्यामुळे तुमचा लेआउट आयोवातला असो की कॅलिफोर्नियातला, मुख्य मार्गावरच्या गाडीत पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रलच्या बॉक्सकार दिसायलाच हव्यात, कारण संख्येने त्याच जास्त होत्या. नवीन मंडळी उलट करतात. कुठल्या तरी चिमुकल्या कंपनीची, देशात दोनशेच असलेली रंगीत कार आधी घेतात. नका घेऊ. आधी साधे, तपकिरी, सगळीकडे दिसणारे डबे करा. गाडी त्यांनी भरते.

तर एक्स२९. दोन महिने रोज रात्री मुलं झोपल्यावर बसायचो. साच्यातच ओतलेल्या पकडदांड्या खरवडून काढल्या आणि तारेच्या लावायच्या ठरवल्या. त्यासाठी ८० नंबरचं ड्रिल, म्हणजे ०.३४ मिलिमीटर. हाताच्या पिनव्हाइसमध्ये धरून फिरवायचं. पहिल्या आठवड्यात अकरा ड्रिलं मोडली. मोडण्याचं कारण जोर नव्हे, तिरका हात. आधी शिवणाच्या सुईने खळगा पाडा, ड्रिल काटकोनात टेकवा, ड्रिलच्या वजनापेक्षा जेमतेम जास्त दाब द्या आणि दर चार वेढ्यांनी बाहेर काढून भुगा झटका. हे मला कुणी सांगितलं असतं तर रडू आलं नसतं. खरंच आलं होतं. रात्री साडेबाराला छताच्या कडेचं शेवटचं भोक वाकडं गेलं आणि मी दिवा बंद करून तसाच वर निघून गेलो. तुमच्यावरही ही वेळ येईल. दिवा बंद करा, झोपा. वाकडं भोक स्टायरीनच्या काडीने बुजवता येतं, सकाळी दहा मिनिटांचं काम आहे.

माझ्यापुढे एकच फोटो होता, कारखान्यातून डबा बाहेर पडला त्या दिवशी काढलेला. स्वच्छ, बाजूने, ऊन नीट पडलेलं, एकूण एक अक्षर वाचता येणारं. त्याबरहुकूम सगळं केलं. खालचा ब्रेक के पद्धतीचा, म्हणजे सिलिंडर, हवेची टाकी आणि व्हॉल्व्ह एकमेकांना जोडून एकच लांबट गोळा. अक्षरं तीच, तारीखसुद्धा तीच. डबा लेआउटवर ठेवला आणि आठवडाभर येताजाता बघत राहिलो.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा भुसावळ यार्डात टीएक्सआर होते. गाडी सुटण्याआधी एकेक वॅगन तपासून ती धावायला योग्य आहे की नाही हे ठरवणारा माणूस. (वर्तमानपत्रात वाघीण छापून येतं, आमच्या घरी कायम वॅगनच म्हणत.) तळघरात उतरले, चष्मा वर केला, माझा डबा डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं पकडदांड्या बघतायत. ते कोपऱ्यातले आकडे वाचत होते.

“हा लेआउट कुठल्या सालचा म्हणालास?”

“अठ्ठेचाळीस.”

“मग ही वॅगन चोवीस वर्षं वजनाला गेलीच नाही का रे?”

मी बघितलं. लाइट वेटच्या, म्हणजे रिकाम्या वजनाच्या, ओळीशेवटी लिहिलं होतं: न्यू ५-२४. मे १९२४ मध्ये नवीन. बाबांना अमेरिकन रेल्वेची काही माहिती नव्हती. पण भारतातल्या वॅगनवरही रिकामं वजन असतं, मोठी दुरुस्ती कधी झाली आणि पुढची कधी हे रंगवलेलं असतं. त्यामुळे त्यांचा डोळा आधी तिथेच जातो. दोन महिने मी जे अक्षर अक्षर चिकटवलं, ते त्यांनी वाचलं. मी वाचलंच नव्हतं.

आता हे नीट समजून घ्या. कंटाळा आला तरी.

बॉक्सकारच्या बाजूवर नंबरच्या खाली तीन ओळी असतात. कपॅसिटी (नाममात्र क्षमता), लोड लिमिट (भरता येणारा कमाल माल) आणि लाइट वेट. मालाचं भाडं वजनावर घेतलं जाई. भरलेला डबा काट्यावर जाई आणि त्यातून रिकाम्या डब्याचं रंगवलेलं वजन वजा होई. ते रंगवलेलं वजन चुकलं तर भाडं चुकलं. लाकूड वाळतं, फळ्या बदलतात, चाकं झिजतात, दुरुस्तीत लोखंड वाढतं. म्हणून दर काही वर्षांनी रिकामा डबा पुन्हा तोलायचा असा नियमच होता. तोलला की जुने आकडे रंगाने झाकायचे, नवे आकडे स्टेन्सिलने काढायचे आणि शेजारी कुठल्या ठिकाणी तोलला त्याची खूण आणि महिना-साल टाकायचं. नवीन डब्यावर त्या जागी फक्त न्यू आणि तारीख. म्हणजे १९२४ चा डबा १९४८ मध्ये धावत असेल तर त्यावर न्यू ५-२४ असणं शक्यच नाही. तिथे ४६, ४७ किंवा ४८ सालची एखादी तारीख हवी.

दुसरं, हे आकडे मनाला येतील ते टाकायचे नाहीत. लोड लिमिट आणि लाइट वेट यांची बेरीज ठरलेली असते, कारण चार आसांना एकूण किती वजन पेलतं ते ठरलेलं आहे. त्या काळच्या ५० टनी डब्याला १,६९,००० पौंड, ४० टनीला १,३६,०००, ७० टनीला २,१०,०००. लाइट वेट ४६,३०० लिहिलंत तर लोड लिमिट १,२२,७०० च यायला हवी. अक्षरं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असतात, कोण वाचणार, असं म्हणणारे भेटतील. वाचणारे असतात.

आणि खरी खोट तारखेत नव्हती. ती फोटोत होती. कारखान्यातला फोटो म्हणजे डब्याचा जन्मदिवस. पुढच्या चोवीस वर्षांत त्या डब्याचं जे जे झालं त्यातलं काहीच त्यात नाही. १९३३ पासून नव्या डब्यांना एबी ब्रेक आला, त्यात सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह तीन वेगवेगळ्या जागी असतात. जुन्या डब्यांवरही तो हळूहळू बसवत गेले. के ब्रेक दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवर चालायचा बंद झाला तो १९५३ मध्ये, त्यामुळे ४८ मध्ये माझा के ब्रेक अगदीच अशक्य नव्हता. पण मी तो विचार करून ठेवला नव्हता, फोटोत होता म्हणून ठेवला होता. एक्स२९ च्या पत्र्याच्या बाजू खालून गंजायच्या, मग तिथे ठिगळपट्ट्या जोडत. माझ्या डब्याला ठिगळ नाही, गंज नाही, काजळी नाही. चोवीस वर्षं वाफेच्या इंजिनामागे धावलेला डबा बाळंतिणीच्या खोलीतून आणल्यासारखा.

म्हणून फोटो हातात आला की आधी तो कधीचा हे शोधा. बाजूवरची बांधणीची तारीख ही सर्वांत जुनी हद्द, फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. वजनाची तारीख त्याहून कामाची: फोटो त्या महिन्यात किंवा त्यानंतरच्या थोड्या वर्षांतला. मग ब्रेक बघा. छतावरची चालायची फळी लाकडी की लोखंडी जाळीची, ते बघा. कंपनीचं चिन्ह बघा. पेनसिल्व्हेनियाचं सावलीवालं कीस्टोन १९५४ पासूनचं आहे. ते ४८ च्या गाडीत लावलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता वाईट वाटतं, कारण काम अनेकदा सुरेख असतं. डेकलच्या, म्हणजे चिकटवायच्या अक्षर-चिन्हांच्या, पाकिटात दोन्ही चिन्हं असतात आणि माणूस सुंदर दिसणारं उचलतो.

घाबरू नका मात्र. माझा डबा फेकावा लागला नाही. दुरुस्ती म्हणजे खऱ्या रंगाऱ्याने जे केलं असतं तेच केलं: जुने आकडे झाकायला मास्किंग टेपची बारीक चौकट, त्यात मूळ तपकिरीपेक्षा किंचित ताजा रंग, वर ग्लॉस, मग नवे आकडे, ९-४७. आधी सगळा डबा काजळवून घेतला आणि हे ठिगळ शेवटी दिलं, त्यामुळे मळक्या बाजूवर तेवढा एक स्वच्छ चौकोन राहिला. तो चौकोन झाला आणि खेळणं जाऊन डबा आला. खालचा के ब्रेकही काढला, एबीचे तीन भाग बसवले, पाइप ०.३ मिलिमीटर तारेचे. एका रविवारचं काम.

बाकीचं थोडक्यात. रेझिनचं किट पहिलंच घेऊ नका, तिसरं-चौथं घ्या. घेतलंत तर भाग आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर रंग सोलून येईल. रेझिन घासायचं ते पाण्याखाली, आणि तरीही तोंडाला मास्क. यात हयगय नको, ती भुकटी फुप्फुसात जाते. वजन एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ठेवा: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा. चाळीस फुटी डबा साधारण सहा इंच भरतो, म्हणजे चार औंस, ११३ ग्रॅमच्या आसपास. छत चिकटवण्याआधी तोला. नंतर वजन घालायला जागा राहत नाही.

उंचीकडे लक्ष द्या. एक्स२९ आतून ८ फूट ७ इंच, १९३७ च्या एएआर (अमेरिकन रेल्वे कंपन्यांची संघटना) नमुन्याची बॉक्सकार १० फूट. आपल्या प्रमाणात हा फरक पाच मिलिमीटर. त्या काळच्या गाडीत छपरांची रेषा वरखाली दिसते, आणि माझ्या मते रंगापेक्षा जास्त काळ ती रेषाच सांगते.

गुरूंबद्दल माझं मत ठाम आहे. मला सुरुवातीला जे गृहस्थ भेटले ते म्हणायचे, तीन फुटांवरून छान दिसलं की झालं. त्यांच्यामुळे माझं वर्ष गेलं. डब्याचे दोष झाकायला धूळ-गंज फासा असं सांगणाऱ्यापासूनही लांब राहा. झाकलेला दोष तुम्हाला दिसतच राहतो. ज्याला काहीही विचारलं तर तो उत्तर न देता “फोटो दाखव” म्हणतो, त्याला धरून ठेवा. मॉडेलवाल्यांच्या मेळाव्यात अर्धवट डबा टेबलावर मांडायला लाजू नका. रंग नसलेला डबा बघून लोक जास्त शिकवतात, कारण अजून बदलता येतं.

फोटो कुठून आणायचे, तर छायाचित्रकार जॅक डेलानोपासून सुरू करा. १९४२-४३ मध्ये युद्धमाहिती खात्यासाठी त्यांनी शिकागोची यार्डं टिपली, काही चक्क रंगीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात ती मोठ्या आकारात फुकट मिळतात. त्यांतली यार्डं वरून बघा, मग एकेक डबा मोठा करत जा. कितीतरी ठिकाणी वजनाची तारीख वाचता येते. पहिल्या रात्री मी तीनपर्यंत जागलो. आणि कंपन्यांच्या डब्यांचे क्रमांक, मापं, संख्या हवी असेल तर ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टरची तुमच्या सालाजवळची आवृत्ती मिळवा. जानेवारी १९५३ ची प्रत पुनर्मुद्रित झालेली आहे, ४८ वाल्यालाही ती पुष्कळ पुरते.

शिकागोकडे येणं झालं तर युनियन गावातलं इलिनॉय रेल्वे म्युझियम चुकवू नका. मागच्या वर्षी बाबांना नेलं. मी डब्यांचे फोटो काढत होतो. ते रुळाशेजारी वाकून बोगीखाली हात नेऊ पाहत होते, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने त्यांना अडवलं, मग त्यांचं काम काय होतं ते विचारलं. मी भाषांतर करत उभा राहिलो. अर्ध्या तासाने ते दोघे ब्रेकच्या दांड्यांकडे बोटं दाखवून आपापल्या भाषेत बोलत होते आणि माझी गरज उरली नव्हती. मी तेवढ्यात तिथल्या एका गोंडोलाच्या, म्हणजे वरून उघड्या मालडब्याच्या, खालच्या बाजूचे चाळीस फोटो काढले. तीच सध्या टेबलावर आहे. फळ्या बसल्या आहेत, ब्रेक बाकी आहे, आणि तारखेची जागा अजून मोकळी ठेवली आहे.