मिक्स्ड मेथड रिसर्च करताय? मग आधी माणसांचं ऐका, सर्व्हे नंतर

मिक्स्ड मेथड म्हणजे आकडे आणि लोकांचं बोलणं दोन्ही वापरणारा रिसर्च. पण त्या नावाने बरेचदा जे सबमिट होतं त्यात मोठा सर्व्हे असतो आणि शेवटी चवीपुरते चारपाच कोट्स. लोकांचं म्हणणं खरंच मुख्य ठेवायचं असेल तर ते डिझाइन करतानाच ठरवावं लागतं, नंतर जमत नाही.

सुरुवात प्रश्नापासून. समजा विषय आहे झोपडपट्टीतून एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या) बिल्डिंगमध्ये गेलेल्या बायका. 'किती टक्के समाधानी' असा प्रश्न घेतलात तर समाधान हीच मोजायची गोष्ट हे तुम्हीच परस्पर ठरवून मोकळे झालात. त्यापेक्षा विचारा, इथे आल्यापासून दिवस कसा जातो.

आधी इंटरव्ह्यू, मग सर्व्हे, याला एक्सप्लोरेटरी सिक्वेन्शियल डिझाइन म्हणतात. संशोधक जॅनिस मोर्स यांनी 1991 मध्ये मांडलेल्या लिहिण्याच्या पद्धतीत ज्या भागाला प्राधान्य तो कॅपिटल अक्षरांत लिहितात आणि दुय्यम तो स्मॉलमध्ये, प्रपोजलमध्ये तसं स्पष्ट लिहाच, नाहीतर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) सॅम्पल किती यावरच गाडी अडते.

इंटरव्ह्यूची वेळ त्यांच्या सोयीने. दुपारी जेवणं उरकली की बाई बोलते, पण सासू समोर बसलेली असेल तर एकच उत्तर येतं, सगळं चांगलंय. मग पॅसेजमध्ये बोला, खाली भाजी घ्यायला जाताना बोला, परवानगी मात्र अशा गप्पांनापण आधी घ्यायचीच. ट्रान्सक्रिप्ट ती बोलली त्याच भाषेत, अर्धं मराठी अर्धं हिंदी असलं तरी तसंच ठेवा आणि कोडिंगपण (म्हणजे बोलण्यातले मुद्दे ओळखून त्यांना नावं देणं) त्यावरच करा. नवीन काही निघेनासं झालं की थांबा.

आता खरं काम. समजा बोलण्यात परत परत आलं की 300 चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं, नळ आत आला, पण मेंटेनन्स झेपत नाही आणि दारं कायम बंद, आजारी पडलं तर शेजारणीला कळतही नाही. सर्व्हेचे प्रश्न इथून काढायचे. 'शेजाऱ्यांशी संबंध कसे, 1 ते 5' हे नको, 'मागच्या आठवड्यात शेजारी कुणाच्या घरात जाऊन बसलात का' असं विचारा, 'लिफ्ट बंद होती तेव्हा घरातलं म्हातारं माणूस खाली उतरलं का' असं विचारा. फॉर्म फायनल करण्याआधी इंटरव्ह्यू दिलेल्या दोघीतिघींना वाचून दाखवा, कुठल्या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देणार नाही ते त्या लगेच सांगतात. सर्व्हेसाठी बायका निवडताना सोसायटीच्या यादीवर पूर्ण विसंबू नका, नाव एकाचं आणि राहतंय दुसरंच असं असतं, आणि भाड्याने राहणारी बाई तुम्हाला त्या यादीत सापडणारच नाही.

डेटा आला की एक तक्ता करा, एका बाजूला थीम आणि बायकांचं बोलणं, शेजारी आकडा, तिसऱ्या रकान्यात दोन्ही जुळतात की भांडतात. भांडत असतील तर आकडा खरा धरून बोलणं झाकू नका. पुन्हा जा, सर्व्हेत ज्यांची उत्तरं वेगळी पडली त्यांच्याशीच बोला, त्यासाठी वेळ आणि पैसे पहिल्याच बजेटमध्ये बाजूला काढून ठेवा.