कॅम्पर व्हॅनचा समुद्रकाठी मुक्काम: परवानगी दिवसाउजेडी घ्या

नाशिकहून त्र्यंबक-जव्हारमार्गे व्हॅन घेऊन डहाणू-बोर्डीला जाणाऱ्यांची खरी अडचण अंधार पडल्यावर सुरू होते. झोपायला बिछाना, शौचालय, पाणी सगळं गाडीत असतं, पण ती रात्रभर उभी कुठे करायची?

१. दुपारीच पोहोचा. कार्यालय बंद झाल्यावर विचारणार कोणाला?

२. गावात ग्रामपंचायत, डहाणू शहरात नगरपरिषद गाठा. साध्या कागदावर अर्ज लिहा: गाडीचा नंबर, माणसं किती, रात्री किती. आणि हे वाक्य ठळक अक्षरांत: ‘गाडीतच शौचालय व सांडपाण्याची टाकी आहे, बाहेर काहीही सोडणार नाही.’ गावाला धास्ती घाणीचीच असते, त्यामुळे या एका ओळीने बोलणं खूप सोपं होतं. परवानगी मिळाली की दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या आणि ती रात्री पुढच्या काचेला आतून लावा, म्हणजे गस्तीवाल्यांनाही बाहेरूनच वाचता येते.

३. नकार आला तर वाद नको. चिकूच्या वाडीतल्या एखाद्या घरगुती निवासाच्या आवारात पैसे देऊन गाडी लावा.

वाळूवर मात्र गाडी अजिबात नेऊ नका. ओहोटीनंतर साधारण ६ तासांत पूर्ण भरती येते, आणि ओल्या वाळूत रुतलेली जड व्हॅन ढकलून निघत नाही.