सिंकभोवतीच्या ओट्याची आखणी

स्वयंपाकघर नव्याने करताना ग्रॅनाइटचा रंग आणि ट्रॉल्यांची रचना यांवर घरात दिवसचे दिवस चर्चा होते. सिंक मात्र जुना नळ जिथे असेल तिथेच बसवले जाते. रोजचे सर्वाधिक ओले आणि कष्टाचे काम याच ठिकाणी होत असल्याने आखणीची सुरुवात इथूनच करावी.

खरकटी भांडी एका बाजूला ठेवावीत, मधे घासून विसळावीत आणि दुसऱ्या बाजूला निथळत ठेवावीत, असा एकाच दिशेचा क्रम आधी ठरवावा. त्यासाठी सिंक कोपऱ्यात न ढकलता दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट ओटा मोकळा ठेवावा. शेगडीही किमान दोन फूट दूर असावी, म्हणजे तापलेल्या तेलात पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत.

उंचीच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. भांडी ओट्याच्या पातळीवर नव्हे, तर सिंकच्या तळाशी घासली जातात. ओटा ३३ इंचांवर आणि सिंक १० इंच खोल असेल, तर हात जमिनीपासून जेमतेम २३ इंचांवर काम करतात आणि कंबर सतत वाकलेली राहते. म्हणून घरातले जे माणूस, किंवा कामाला येणाऱ्या ज्या ताई, प्रत्यक्ष भांडी घासतात, त्यांनाच उभे करून माप घ्यावे. कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा आणि आठ इंच खोलीचे सिंक हे प्रमाण बहुतेकांना सोयीचे पडते.

आपल्याकडे परात, कुकर आणि कढई रोजचीच असल्याने दोन लहान कप्प्यांपेक्षा २४ बाय १८ इंचांचे एकच मोठे सिंक माझ्या मते केव्हाही चांगले. ते ३०४ दर्जाच्या स्टीलचे, सुमारे एक मिलिमीटर जाडीचे असावे. ओट्याच्या खालून बसवलेल्या सिंकला वर कड राहत नाही. सांडलेले पाणी हाताने सरळ आत लोटता येते आणि काठाशी काळपट थर साचत नाही. दिसण्यातला नेटकेपणाही यातूनच येतो. मात्र गवंड्याकडून निथळणीच्या बाजूला सिंककडे हलका उतार काढून घ्यावा आणि ओट्याच्या पुढच्या कडेखाली बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे ओघळ खालच्या दारांवर येणार नाहीत.

नळ फिरणारा आणि उंच मानेचा असावा. मागे खिडकी असल्यास तिची झडप आत उघडताना नळाला अडत नाही ना, हे भोक पाडण्यापूर्वीच पाहावे. विजेचे बटण शिंतोड्यांपासून दूर ठेवावे, आणि दिवा असा बसवावा की स्वतःची सावली सिंकमध्ये पडणार नाही.

सिंकखालच्या कपाटाला जाळीची दारे आणि पाण्यात टिकणारे प्लाय वापरावे. सांडपाण्याच्या नळीला वळणाचा ट्रॅप हवाच. त्यात साठून राहणारे पाणी गटाराचा वास अडवते. काम संपल्यावर प्लंबरचे पैसे देण्यापूर्वी सिंक काठोकाठ भरून एकदम रिकामे करावे आणि खालच्या प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवून पाहावा. कुठे ओल दिसली, तर जोड पुन्हा आवळून घ्यावा आणि मगच कपाटात सामान लावावे.