जुना सागरी नकाशा वाचताना या चुका टाळा

मुंबई बंदराच्या एका जुन्या, हातानं काढलेल्या सागरी नकाशाची प्रत घेऊन मी ससून डॉकला गेलो आणि एका तांडेलकाकांना ऐटीत सांगितलं, "इथे पाच मीटर पाणी." काका हसले. "मीटर नाय रे बाला, वाव हाय ती."

इंग्रजी नकाशांत खोली बहुधा फॅदममध्ये, म्हणजे आपल्या वावेत असते: 6 फूट. 5¼ म्हणजे 31½ फूट, साडेनऊ मीटरच्या जरा वर. उथळ बंदराच्या नकाशात फूटही सापडतात, म्हणून आधी शीर्षकाखालची ओळ वाचा. बऱ्याच नकाशांत आकड्याखाली रेघ असते. तिथे हिशेब उलटा: ती जागा ओहोटीला उघडी पडते, आकडा तिची उंची सांगतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. पांढरी मोकळी जागा पाहून तिथे खोल, निर्धोक पाणी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे कुणी खोली मोजायला शिसं सोडलेलंच नसतं! होडी एका रेषेत वल्हवत न्यायची, ठरावीक अंतरावर दोरीला बांधलेलं शिसं टाकायचं, आकडा लिहायचा. शिशाच्या बुडातल्या खळग्यात चरबी भरायची. तिला वाळू चिकटून आली की चिखल, तेही नोंदवायचं. दोन रेषांच्या मधला खडक शिशाला कळणार कसा? म्हणून मी आधी आकड्यांच्या ओळी शोधतो. त्या दाट असतील तरच भरवसा.

गूगल अर्थवर प्रत चढवताना किनारा जुळवू नका, भरावानं तो पार बदललाय. कुलाब्याचा कॉजवे 1838 चा, प्रॉन्ग्सचं दीपगृह 1875 चं. ही नकाशात आहेत की नाहीत, यावरून तो किती जुना तेही कळतं. जुळवायला मलबार हिल, घारापुरीचे डोंगर धरा. नकाशा फ्रेंच असेल तर शून्य रेखांश पॅरिसचा असू शकतो. ग्रिनिचपासून 2 अंश 20 मिनिटांचा हा फरक मुंबईच्या अक्षांशावर सुमारे 245 किलोमीटर भरतो. बंदर थेट समुद्रात किंवा घाटापलीकडे!

आणि फ्रेम. माझ्या पहिल्या प्रतीची कड फ्रेमवाल्यानं फालतू समजून कापली. त्या पट्टीत समुद्रावरून दिसणाऱ्या डोंगररांगेचं चित्र होतं. खलाशी समोरचा किनारा त्याच्याशी ताडून बंदराचं तोंड ओळखायचे. अस्सल नकाशा हाती आलाच, तर पेन्सिलच्या खुणा पुसायला आणि डिव्हायडरची बारीक भोकं बुजवायलाही देऊ नका. जहाज कुठून कुठे गेलं, ते तिथेच टोचलेलं असतं.